हाराखालचा जमखाना

मी नवलगुंदचा एक जुना जमखाना, म्हणजे हातमागावरची सुती सतरंजी आहे. मित्रांनो, हसू नका, पण मला कुणी नमस्कार केला की मी आजही लाजेनं आक्रसतो. का, ते सांगतो.

नवलगुंदच्या दोन बायकांनी गप्पा मारत मारत मला विणलं. सुभद्रम्मांनी मला म्हैसूरला आणलं ते नवऱ्याच्या योगासनांसाठी. त्यांचे यजमान शेषगिरी आचार म्हणजे भारी कडक माणूस. पहाटे माझ्यावर स्वतःची आसनं करायचे, मग शिष्यांना शिकवायचे. आसनांचा क्रम ठरलेला. एक जमल्याशिवाय पुढचं मिळायचं नाही. जो जिथं अडेल तिथं आचार म्हणायचे, "साकु!" म्हणजे पुरे. मग त्यानं आपली पथारी गुंडाळायची आणि मागच्या खोलीत जाऊन शेवटची आसनं उरकून पडायचं.

बँकेतल्या वनजाक्षी मधुमेहासाठी यायच्या. पाठीला पीळ देण्याच्या एका आसनात त्या वर्षानुवर्षं अडकलेल्या. एकदा कुरकुरल्याच, "गुरुजी, कालची पोरगी माझ्या पुढं गेली की हो!"

"जाऊ दे तिला. तुझी साखर उतरली ना? मग झालं तर. साकु. उद्या परत इथूनच."

आचारांच्या घामानं मी रोज भिजायचो आणि शनिवारी सुट्टीला अंगणात धुतला जायचो. रंग विटला, पण माझी मान ताठ होती.

मग आचारांना पक्षाघाताचा झटका आला. ते चालू-बोलू लागले, पण डावा हात लुळाच राहिला. डॉक्टरांनी बजावलं, "रोज थोडं तरी हलवा, नाहीतर हा हात कायमचा गेला म्हणून समजा." आचार खुर्चीत बसून शिकवू लागले. स्वतः मात्र काही करेनात. पहिल्याच सूर्यनमस्काराला अडायचं, आणि तेही शिष्यांदेखत? छे! माझी घडी घालून मला देव्हाऱ्याशेजारच्या चौरंगावर ठेवून दिलं. शिष्यांना वाटलं, गुरुजींचं आसन! झालं, मला रोज मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या फुलांचा हार. लांबून लांबून आलेली माणसं माझ्यावर डोकं टेकायची. मित्रांनो, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. समोर खुर्चीत तो हात वाळत चालला होता आणि मी नुसता नमस्कार खात बसलो होतो.

एका सकाळी वर्ग भरलेला असताना सुभद्रम्मा पदर खोचून आल्या. त्यांनी माझ्यावरचा हार ओढून काढला.

"रोज हार घालायला हा काय वारलाय?" असं म्हणत त्यांनी मला सगळ्यांच्या मधोमध अंथरलं. "अहो, उठा."

"सुभद्रे, माणसं बघतायत."

"बघू देत. जन्मभर ती अडताना तुम्ही नाही बघितलंत?"

आचार उठले. माझ्या घड्या इतक्या बसल्या होत्या की एक कड खाली टेकेना. शेवटी शेजारच्या वनजाक्षींनी ती हातानं दाबून धरली. लाज वाटली मला. पहिला नमस्कार कसाबसा झाला. दुसऱ्याला डावा हात लटपटला आणि आचार गुडघ्यांवर आदळले. आचारांनी मान खाली घातली, ती वर येईचना.

तेवढ्यात वनजाक्षी बोलल्या. आवाज हळू, पण कडक. "साकु, गुरुजी. उद्या परत इथूनच."

आचारांचे कान लालबुंद झाले. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्यांनी निमूटपणे एका हातानं मला गुंडाळलं आणि सगळ्यांसारखे मागच्या खोलीत जाऊन पडले. तिथं माझ्यात तोंड खुपसून रडले. रडा म्हटलं, किती दिवसांनी मी कुणाच्या उपयोगी पडत होतो!

आता मी रोज शेवटच्या रांगेत असतो. आचार अजून नमस्कारातच अडतात आणि वनजाक्षी आपल्या पिळात. पण परवा आचारांनी कॉफीचा पेला डाव्या हातानं उचलला. सुभद्रम्मा बघतच राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं काही हाराखाली पडून असेल, तर काढा आणि वापरा. हल्ली माझ्या अंगाला घामाचा वास येतो. त्याची मला लाज नाही. मल्लिगेचा वास आला, की मात्र मी अजून मान खाली घालतो.