नऊ जणांनी पाहिलेली चोरी

मावशी चोराच्या मागे दोन जिने धावत उतरल्या होत्या, हे आधीच सांगायला हवं, कारण नंतर ते कुणीच सांगितलं नाही.

कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात त्या प्रयोगशाळा परिचर होत्या. आरशात बघून चांदणी गिरवायचं यंत्र पुसायचं, दृष्टिभ्रमाचे तक्ते काढून ठेवायचे, प्रयोगाला बसणाऱ्यांकडून संमतीपत्रावर सह्या घ्यायच्या. एकोणीस वर्षं हेच. सगळे त्यांना मावशी म्हणत. खरं नाव बहुतेक पगारपत्रकालाच माहीत.

त्या सकाळी पहिल्या वर्षाचा वर्ग भरला होता. शेहेचाळीस मुलंमुली. मॅडम स्मृतीवर बोलत होत्या, तेवढ्यात लाल टोपीवाला एक तरुण आत घुसला, टेबलावरची मॅडमची बॅग उचलली आणि मागच्या दाराने पळाला. पोरी किंचाळल्या. मावशी शेजारच्या प्रयोगशाळेत होत्या. हातातलं फडकं टाकून त्या बाहेर आल्या आणि वर्गाच्या मागच्या दारासमोरून सुटल्या त्याच्या मागे. वय त्रेपन्न. दुसऱ्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय मुरगळला, गुडघा कठड्यावर आपटला. खाली तो तरुण टोपी काढून हसत उभा होता.

"अहो मावशी, नाटक आहे! मॅडमनीच बोलावलंय मला. जरा दम घ्या."

मावशी कठड्याला धरत धरत वर आल्या. वर्गात सगळे माना खाली घालून लिहीत होते. काय पाहिलं ते लिहा, असा प्रश्न होता. मावशी दारात लंगडत उभ्या राहिल्या. एकही मान वर झाली नाही. शेवटी मॅडमनी सांगून टाकलं की हे ठरवून केलेलं प्रात्यक्षिक होतं. वर्ग हसला, टाळ्या झाल्या.

आठवड्याने व्हरांड्यातल्या फलकावर मोठं रंगीत पोस्टर लागलं. टोपीचा रंग किती जणांनी चुकवला, उंची किती जणांनी वाढवली, सगळ्याचे उभे स्तंभ. सर्वांत खाली एक ओळ होती: 'शेहेचाळीसपैकी नऊ जणांच्या मते चोराने बॅग प्रयोगशाळेतील परिचर महिलेच्या हातात दिली.'

मावशींनी ती ओळ तीनदा वाचली. मग मॅडमच्या खोलीत गेल्या.

"या, या मावशी! तुमच्यामुळे किती सुंदर निष्कर्ष मिळाला बघा." मॅडम खरोखरच खूश होत्या. वयाने मावशींच्या धाकट्या बहिणीएवढ्या, हुशार, शिकवायला उत्तम. "मेंदू म्हणजे कॅमेरा नाही. त्याला तुकडे मिळतात, मधल्या जागा तो स्वतः भरतो. मुलांनी चोर पाहिला, बॅग पाहिली, तुम्हाला धावताना पाहिलं. मेंदूने ते तीन तुकडे एकत्र शिवले."

"मग ते माझ्याच अंगावर का शिवलं? दाराजवळच्या बाकावरची मुलगीही उठून धावली होती. तिच्या हातात का नाही दिली बॅग?"

"तोच तर पूर्वग्रह!" मॅडमनी टेबलावर हात आपटला, जणू मावशींनी परीक्षेत बरोबर उत्तर दिलं होतं.

मावशींची कानशिलं तापली. घरी नवऱ्याला मात्र एवढंच म्हणाल्या, की गुडघा ठणकतोय.

पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिकाच्या तासाला एका मुलीचा फोन सापडेना. दप्तर उपसून झालं, बाकांखाली शोधून झालं. मग ती आणि तिची मैत्रीण मावशींपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, तुमचं कपाट जरा उघडता?"

"कशाला गं?"

"सहज. एकदा बघून घेतो."

मावशींनी कपाट उघडलं. डबा, स्वेटर, गुडघ्याला चोळायचं मलम. मैत्रिणीने स्वेटर उचलून खाली पाहिलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, फोन तुझ्या वहीत आहे!"

"सॉरी हं मावशी," ती मुलगी म्हणाली आणि गेली. स्वेटर तसाच कपाटातून लोंबत राहिला.

मावशींनी तो घडी करून ठेवला. मग संमतीपत्रांची जाडजूड फाइल काखेत मारली, मॅडमच्या खोलीत शिरल्या आणि फाइल टेबलावर आदळली.

"यात माझी सही दाखवा."

"मावशी, काय झालं?"

"एकोणीस वर्षं हे मी पोरांना वाचून दाखवते. 'सहभागामुळे आपल्याला कोणतीही हानी पोहोचणार नाही. आपण केव्हाही माघार घेऊ शकता.' साध्या रेषा मोजायला बसवलं तरी आधी सही घेतो आपण. माझी कुठाय?"

"पण तुम्ही सहभागी नव्हताच. तुम्ही... परिस्थितीचा भाग होता."

"म्हणजे टेबल-खुर्ची."

"तसं नाही हो. आणि सगळं खोटं होतं हे मुलांना सांगितलंय ना आपण!"

"सांगितलंत. आणि आज माझ्या कपाटाची झडती झाली."

मावशींनी फोनची हकिगत सांगितली. मॅडमचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि हात वहीकडे गेला. "म्हणजे खरं सांगितल्यावरही ठसा पुसला जात नाही! मावशी, हा तर वेगळाच अभ्यास..."

मावशींनी त्यांच्या बोटांतून पेन ओढून घेतलं.

"लिहायचं नाही," त्या म्हणाल्या. आवाज इतका चढला होता की बाहेरचा कारकून दारात आला. "माझ्या अब्रूचे स्तंभ काढायचे नाहीत. एक अक्षर लिहायचं नाही!"

विभागप्रमुखांनी समजूत घातली. "तुम्ही उगाच मनाला लावून घेताय," ते म्हणाले. मावशींनी विचारलं, "साहेब, तुमच्या कपाटाची झडती कधी झालीय का?" आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडल्या. त्या संध्याकाळी त्यांनी चार पानी तक्रार लिहिली, संशोधनाच्या नीतिसमितीला. नवरा शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. हातातला पान्हा बाजूला ठेवून त्याने ती वाचली.

"पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? नोकरीची सात वर्षं उरलीत."

"पाण्यात कुठली? मला केव्हाच बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर ठेवलंय. पोरं टिपणं काढतायत."

पानांना टाचणी मात्र नवऱ्यानेच लावून दिली.

समितीने महिनाभराने निर्णय दिला. पोस्टर उतरवावं, तो निष्कर्ष कुठेही मांडू नये, आणि मॅडमनी वर्गासमोर माफी मागावी. मॅडमनी मागितली. शब्द नीट निवडलेले होते, आणि मावशींना ते खरंही वाटलं. राग मात्र तसूभर हलला नाही.

"मला एक विचारायचंय," त्या वर्गाकडे वळल्या. "ते नऊ जण कोण?"

कागदांवर नावं नव्हती. शेवटी मधल्या रांगेतली चष्मेवाली मुलगी उठली.

"मी लिहिलं होतं, मावशी. तुम्ही त्याच्याबरोबर पळताना दिसलात."

"त्याला धरायला पळत होते मी."

"हो. आता कळतंय."

"आणि परत आले तेव्हा लंगडत होते, ते दिसलं?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही दिसलं."

"हिने फार धैर्य दाखवलं," मॅडम पुढे येऊन म्हणाल्या. "आपण सगळ्यांनी..."

"कौतुक नको, मॅडम. बस गं तू." मावशी अजून वर्गाकडेच बघत होत्या. "बाकीचे आठ?"

कुणी हललं नाही. मग मावशी प्रयोगशाळेत गेल्या आणि दार आपटून लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गाचं प्रात्यक्षिक होतं. पोरं रांगेने स्टॉपवॉच घ्यायला आली. काही जण आता जास्तच गोड बोलत होते, मावशी बऱ्या आहात ना, पाय कसा आहे. मावशी एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. हा असेल का? ही तर नसेल? या गोड बोलणाऱ्यानेच लिहिलं असेल. पंचेचाळीस चेहरे, त्यांत आठ, आणि ओळखायला काहीच खूण नाही. सगळ्यांवरच संशय यायला लागला. आपल्याला हे करायला लावलं, याचा त्यांना सगळ्यांत जास्त संताप आला.

त्यांनी वही उघडली, पेन पुढे सरकवलं आणि पहिल्या मुलाला म्हणाल्या, "नाव लिही. वेळ लिही. सही कर. परत देताना मी तपासून घेणार."

"मावशी, आधी कधी असं नव्हतं."

"हो, नव्हतं," मावशी म्हणाल्या. "सही कर."