कुंडीतली सवत

मित्सुए त्या पाइनच्या बोन्सायला चारचौघांत सवत म्हणायची, आणि ते काही फार खोटं नव्हतं. नवरा, शिगेओ, उठला की आधी अंगणात जाऊन त्या झाडाची विचारपूस करायचा. बायकोच्या वाट्याला दिवसभरात "चहा" आणि "दमलो" एवढेच शब्द यायचे. सगळा जन्म त्याने त्या बुटक्याच्या फांद्या तारेने वळवण्यात घातला.

शिगेओ गेला तेव्हा या बाईने काय करावं? कुंडी उचलून घरात आणली आणि पितरांच्या देव्हाऱ्याशेजारी, त्याच्या फोटोसमोर ठेवली. गेलेला माणूस एकोणपन्नास दिवस घरातच घुटमळतो, मग वाटेला लागतो. तोवर त्याचं लाडकं त्याच्या डोळ्यांसमोर असावं, एवढाच तिचा हेतू. पाइन चार दिवसांच्या वर घरात ठेवायचा नसतो, हे बोन्सायवरच जगणाऱ्या किनाशी गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मित्सुएलाही माहीत होतंच. पण रोज संध्याकाळी वाटायचं, आजचा दिवस राहू दे.

परत अंगणात ठेवला तेव्हा सुया फिकट झाल्या होत्या. ती घाबरली आणि येता-जाता पाणी घालू लागली. थंडी सरता सरता सुया पिवळ्या पडून गळायला लागल्या, कुंडीला कुबट वास यायला लागला. मुलगी दूर सप्पोरोला. फोनवर म्हणाली, "आई, झाडच आहे ना? दुसरं आण." मित्सुएने फोन ठेवून दिला. त्या घरात ती आणि ते झाड, दोघंच उरली होती, आणि त्यातलं एक चाललं होतं.

शेवटी तिने ओनिशींना बोलावलं. शिगेओचे जुने दोस्त, गावाबाहेर त्यांचं पाइनचं शेत. त्यांनी कुंडीत बोट खुपसलं आणि हुंगून बघितलं.

"वहिनी, पाणी घालता की बुडवून मारता याला?"

"मेलंय का तेवढं सांगा."

"मेलं नाही. पण मुळं कुजायला लागलीत. शेतात, वाळूत लावावं लागेल. भरपूर ऊन. आणि कात्री नाही, तार नाही. वाढेल तसं वाढू द्यायचं."

"म्हणजे यांनी दिलेला आकार?"

ओनिशी कान खाजवत राहिले. "तो जाईल. आजाऱ्याला आधी जेवू घालायचं की त्याचा भांग पाडत बसायचं?"

"परत कुंडीत कधी येईल?"

"दहाएक वर्षं धरा."

"मी एक्याऐंशीची आहे, ओनिशीसान."

"म्हणून तर विचारतोय, नेऊ का? इथेच ठेवलंत तर पावसाळ्यापर्यंत सोबत करेल तुम्हाला."

मित्सुए आत जाऊन शिगेओची पक्कड घेऊन आली. "तारा मी काढते," म्हणाली. त्याने शेवटच्या उन्हाळ्यात गुंडाळलेली तार तिने तुकड्या-तुकड्याने कापली, साल न दुखवता. ओनिशींनी झाड टेम्पोत घालून नेलं.

त्यानंतर कित्येक दिवस ती सवयीने झारी भरून अंगणात जायची आणि ओशाळून परत यायची. नवरा गेल्यावर आलं नव्हतं एवढं रडू तिला आता यायचं. शेतावर जायची हिंमत मात्र होईना. मेलेलं असलं तर?

दुसऱ्या वर्षीच्या शरदात ती मन घट्ट करून बसने गेली. ओनिशी जेवायला गेले होते. पिशवी एका झाडाच्या बुडाशी ठेवून ती ओळीओळीने शोधू लागली, आधी रोगट झाडं, मग किडकिडीत, मग शिगेओने वळवलं होतं तशी डावीकडे कललेली. आपलं कुठेच नाही. गेलंच ते, आणि या माणसाने आपल्याला सांगितलंही नाही.

ओनिशी आले ते हसतच. "कुठे शोधताय, वहिनी? पिशवी ठेवलीत ना, तेच की."

ती पिशवीपाशी परत आली. कमरेएवढं झाड, गर्द हिरवं, फांद्या मनाला येईल तिकडे सुटलेल्या. सुईला हात लावला तर कचकन टोचली.

"चांगलं झालंय," ती म्हणाली, आणि त्यांना वाकून नमस्कार केला.

घरी आल्यावर तिने फोटोपुढे वाटीभर भात ठेवला, उदबत्ती लावली.

"झाड बरं आहे," ती म्हणाली. पुढचं सांगावं की नाही, असं झालं तिला. पण खोटं कशाला बोलायचं? "पण आता तुम्हाला ओळखू यायचं नाही. मलाही आलं नाही."