तीनशे फूट पाणी

मी एक लेन्स बोलतेय. लांबचं टिपणारी, चारशे मिलिमीटरची. वजनाला चांगली तीन किलो. काही लेन्सांचं कडं फिरवलं की चित्र लहानमोठं होतं, माझं तसं नाही. चौकटीत जास्त काही मावावं असं वाटलं, तर मला धरून माणसानंच मागे सरकायचं.

माझ्या काचा एका थंड, धूळ नसलेल्या खोलीत घासल्या गेल्या. तिथून मी आले ती थेट वर्तमानपत्राच्या एका फोटोग्राफर बाईंकडे. कचेरीत त्यांना सगळे 'ताई' म्हणत, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. ताई मला जिवापाड जपायच्या. धुळीत गेल्या की आधी माझं तोंड झाकायच्या, मग स्वतःचं. त्यांची आई म्हणायची, "लेकराला कडेवर घ्यावं तशी घेऊन फिरते." सहा वर्षं आम्ही मैदानं, सभा, मोर्चे पालथे घातले. लांब उभं राहून माणसाच्या डोळ्यातलं पाणी टिपायचं, हीच माझी ख्याती होती. त्याचा मला तोराही होता.

मग तो पुराचा दिवस आला. ताई पुलावरून नदीचे फोटो काढत होत्या. पलीकडच्या वळणावर एक लहान होडी उलटली. तिच्यातला एक माणूस वाहत चालला होता, हात वर करून. अलीकडे धक्क्यावर एक नावाडी उभा होता, दोन्ही हात कमरेवर ठेवून. ताईंनी बटण दाबलं. तो माणूस वाचला नाही.

फोटोत त्या बुडणाऱ्याचा हात नावाड्याच्या खांद्याला लागूनच दिसत होता. वाटावं, यानं नुसता हात पुढे केला असता तरी तो वाचला असता. खरं म्हणजे दोघांच्या मध्ये तीनशे फूट पाणी होतं. पण लांबून बघताना मी मधलं अंतर गिळून टाकते. घडणच तशी आहे माझी. शिवाय माझी चौकट अरुंद. नावाड्याची स्वतःची होडी फळी फुटून डावीकडे उलटी पडली होती, ती माझ्यात आलीच नाही. पलीकडच्या मोटरबोटीला हाका मारून मारून त्याचा घसा बसला होता. तो तर कुठल्याच काचेतून दिसत नाही.

ताईंनी संपादकांना हे सगळं सांगितलं. संपादक म्हणाले, फोटोत आपण काही घातलेलं नाही, काही काढलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तो छापून आला. वर मथळा होता : 'तो नुसता बघत राहिला.'

आठवड्याभरात नावाड्यानं होडी दुरुस्त केली, पण तिच्यात बसायला कुणी तयार होईना. गेलेल्याचा भाऊ धक्क्यावर येऊन त्याच्या पायाशी थुंकून गेला. मग एक दिवस नावाड्याची बायको कचेरीत आली. आवाज न चढवता तिनं ताईंना विचारलं, "बाई, सगळे म्हणतात फोटो खोटा नसतो. मग माझा नवरा खोटा का?"

ताईंनी खूप भांडून आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापून घेतला. तो कुणी वाचला नाही. तेव्हा त्या मला घेऊन नदीवर गेल्या. सगळं पुन्हा मांडून दाखवायचं, नव्यानं फोटो काढायचे, लेख लिहायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. नावाड्याला त्यांनी पुलावर आणलं. त्याच्या जागी धक्क्यावर त्याची बायको उभी राहिली. मोटरबोट त्या वळणावर नेऊन थांबवली. नावाडी म्हणाला, आधी मला बघू द्या.

त्यानं माझ्यातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी त्याला तेच दाखवलं जे सगळ्यांना दाखवलं होतं. बायकोच्या खांद्याला मोटरबोट टेकलेली.

"एवढ्या जवळ होता तो?" त्यानं विचारलं.

"नाही हो. लेन्समुळे तसं दिसतं. तीनशे फूट आहे ते. तुम्ही स्वतःच तिथं होतात ना?"

"होतो," तो म्हणाला. "पण आता वाटतं, उडी मारायला हवी होती."

ताईंनी खूप समजावलं. तो मान डोलवत राहिला आणि पायऱ्या उतरून गेला. त्या दिवशी एकही फोटो निघाला नाही. पुढे कळलं, त्यानं होडी विकली.

तेव्हापासून मी कपाटात आहे. ताई आता छोटी लेन्स वापरतात, माणसाजवळ जातात, आधी बोलतात. माझ्या आतल्या काचेवर बुरशीचे पांढरे धागे धरलेत. मला पुसायला त्या अधूनमधून बाहेर काढतात, पण डोळा लावत नाहीत. मी त्यांच्यावर रागावलेली नाही.

तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. माझ्यासारखीनं काढलेला फोटो हाती आला, तर कुणाला नावं ठेवण्याआधी विचारा, काढणारा किती लांब उभा होता. नावाड्याचं म्हणाल, तर त्या दिवशी त्याच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. मी तिथं होते. पण हे त्याला पटवून देणं आता माझ्याच्यानं होणार नाही.