दाराशी मोरी

आमच्या घरात शिरलं की आधी मोरी लागते. पाहुणे नाक मुरडतात आणि मला त्यांचा राग येतो. आमची मोरी तिथं का आहे, हे विचारायची कुणाला फुरसत नसते.

माझे वडील मुकुंदराव अदालतीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यात काचीगुड्याच्या रुळांपलीकडे माळावर एका नाटक मंडळीनं तंबू ठोकला. निजामी अमलात साध्या मेळ्यालाही परवाना लागायचा. त्यामुळे पंगतीवर तुटून पडावं तशी माणसं तिकडे लोटली. गॅसबत्त्या, टांगे, मिरचीभज्यांच्या गाड्या! आमच्या वडिलांनी नाटक पाहिलंच नाही, ते गर्दीच पाहत बसले.

"अगं, ही जागा आता वर येणार," ते आईला म्हणाले. "भाव चढला की विकू आणि मोठं घर बांधू."

आईला मोठं नको होतं, फक्त स्वतःचं हवं होतं. गौलीगुड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत तिचा जन्म चालला होता. तरी घरासाठी साठवलेलं सगळं तिनं काढून दिलं आणि वडिलांनी तंबूखालची जागा घेतली.

उन्हाळ्यात मंडळी गाशा गुंडाळून गेली. दिवे गेले, टांगे गेले. उरल्या बाभळी आणि रंगमंचाचा दगडमातीचा ओटा. "मुकुंदरावांनी कोल्ह्यांना जहागीर दिली," असं कचेरीत लोक म्हणू लागले. वडिलांचं जेवणावरून मन उडालं. आई त्यांना आग्रह करकरून वाढत राहिली. मी तिच्या जागी असते तर चांगलं सुनावलं असतं.

पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या माळावर सर्कस आली, मग दुसरी नाटक मंडळी. माणसं पुन्हा लोटली आणि एका रविवारी सकाळी दलाल हणमंतराव आमच्या दारात उभे राहिले.

"अजी साब, एका शेठला तिथं कायमचं थेटर बांधायचंय. म्हणाल तो भाव. हौ म्हणा अन् मोकळे व्हा."

वडिलांचा चेहरा असा खुलला की मलाही बरं वाटलं. आई एवढंच म्हणाली, "विकण्याआधी मला एकदा बघू द्या."

दुपारी ती मला घेऊन तिथं गेली. ओटा झाडला आणि रांगोळीनं त्यावर घर काढलं: भिंती, दार, चूल, देवघर. तेवढ्यात वडील आले. मागे हणमंतराव आणि शेठ.

वडील भिंतीची रेघ ओलांडणार, तोच थबकले. रेघेच्या कडेकडेनं दारापर्यंत गेले, वहाणा काढल्या आणि आत आले. चुलीपासून देवघरापर्यंत फिरून आले.

"पाणी कुठं जाणार?" त्यांनी विचारलं.

"मागची पात्रंही दिसावीत म्हणून ओटा पुढं उतरता केलाय," आई म्हणाली. "मोरी पुढंच घ्यावी लागेल."

"साब, शेठ खोळंबलेत," हणमंतराव म्हणाले आणि ओट्यावर पाय ठेवू लागले.

"तिथं नको," वडील म्हणाले. "तिथं देवघर आहे."

थेटर शेवटी शेजारच्या माळावर झालं. त्यानंतर आमच्या जागेचा भाव आणखी चढला म्हणतात. वडिलांनी तो कधी विचारला नाही.