खिडकीजवळच्या मशीनची नक्कल

कचेरीतले सगळे कॉम्प्युटर नव्याने भरायचे ठरले, तेव्हा येर्बाचा, म्हणजे चहासारखा, पाला पिकवणाऱ्यांच्या त्या सहकारी संस्थेत पहिला प्रश्न निघाला तो दुपारच्या झोपेचा.

"म्हणजे आम्ही जेवायला घरी जायचं नाही की काय?" कॅशवरच्या सुनिल्दाने विचारलं.

"जा की! तुम्ही टळलात तरच माझं काम होईल," देर्लिस म्हणाला, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आपल्या फायलींचं काय होणार, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

देर्लिस ओहेदा हा संस्थेचा कॉम्प्युटरवाला. त्याने आपल्या टेबलावर एक मशीन मनासारखं सजवून ठेवलं होतं. त्याची हुबेहूब नक्कल तारांमधून कचेरीतल्या चौदाही मशीनांत ओतायची, असा बेत होता. पण ओतण्याआधी प्रत्येक मशीनमध्ये आज जे काही आहे त्याची अख्खी नक्कल कोपऱ्यातल्या मोठ्या पेटीत जमा व्हायची होती. "चमचासुद्धा हरवणार नाही," असं तो छातीवर हात ठेवून सांगत होता.

या एका वाक्याच्या भरवशावर निमिया कान्येते गप्प राहिली होती.

सभासदांच्या तक्रारी ऐकण्याच्या खिडकीवर ती बसायची, आणि तिच्या मशीनमध्ये संस्थेचं नसलेलं असं बरंच काही होतं. बाजारात जडीबुटी विकणारी एउलोखिया नावाची म्हातारी होती, सगळे तिला न्या, म्हणजे बाई, एउलोखिया म्हणायचे. निमियाच्या आईची ती शेजारीण. कुठल्या दुखण्याला तेरेरेत, म्हणजे गार पाण्यातल्या येर्बात, काय काय कुटून घालायचं, किती, आणि कुठल्या महिन्यात खुडलेलं, हे तिच्याइतकं त्या नदीकाठी कुणाला ठाऊक नव्हतं. बाजार उठला की म्हातारी सांगायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, कचेरी झोपायला गेली की, निमिया ते टाइप करायची. घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि कागद त्या लाल मातीत वाळवीच्या तोंडी जायचा. अशी कित्येक वर्षं गेली.

म्हातारीची अट एकच होती. "माझी नात लूर्देस बुएनोस आइरेसहून परत येईल तेव्हा तिला दे. तोवर कुणाला दाखवू नकोस. तुमच्या त्या पाकिटवाल्यांना तर मुळीच नाही."

पाकिटवाले म्हणजे हीच संस्था. मॅनेजर दॉन आबेलार्दोंना जडीबुटी मिसळलेल्या येर्बाची पाकिटं काढायची होती. त्यांनी म्हातारीला गळ घालायला खुद्द निमियालाच दोनदा पाठवलं होतं. म्हातारीने दोन्ही वेळा वाटेला लावलं. "आजाऱ्याला मी फुकट देते, निमिया. पाकिटाला काय आजार झालाय?" गेल्या हिवाळ्यात म्हातारी गेली. लूर्देस अजून तिकडे लोकांच्या घरची धुणीभांडी करत होती, आणि डिसेंबरात येऊन आजीचं दुकान मांडते म्हणाली होती.

तर त्या दुपारी कचेरी रिकामी झाली, पण निमिया घरी गेली नाही. आपलं मशीन डोळ्यांसमोर असावं, एवढंच. डब्यात मिलानेसाचा तळलेला काप आणि मांदिओकाचे उकडलेले कंद होते. देर्लिसने नकला सुरू करून दिल्या. कॅशपासून सुरुवात होऊन एकेका मशीनवर हिरवी पट्टी सरकायला लागली. खिडकीजवळच्या, म्हणजे निमियाच्या, मशीनचा नंबर शेवटचा होता.

"न्या निमिया, मी मावशीकडे जेवून येतो. हे आपलं आपण चालतं. कशाला हात लावू नका म्हणजे झालं."

"मी कशाला लावू बाबा हात? मला ती सरकती पट्टी बघूनच धाकधूक होते."

तो गेला. सकाळपासून सुटलेला उत्तरेचा वारा एकाएकी पडला. निमिया जेवली, डबा धुऊन आली, तोवर बाकीच्या पट्ट्या पुऱ्या झाल्या होत्या, फक्त तिच्या मशीनवरची अर्ध्यावर होती. ती खुर्ची ओढून समोर बसली. लूर्देसला हे कसं दाखवायचं, कुठून सुरुवात करायची, याचा विचार करत तिला थोडी डुलकीही लागली असावी.

नदीच्या अंगाला गडगडलं.

पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं, डोकं मागाहून आलं. त्या गावात गडगडलं की माणूस आधी घरातल्या भिंतींकडे धावतं आणि जिथे जिथे प्लग दिसेल तिथे तिथे तो उपटतं. निमिया लहान असताना वीज तारेतून घरात शिरून रेडिओ जळाला होता आणि शेजारच्यांची तर गाय गोठ्यात मेली होती. तेव्हापासून तिची आई ढग दिसले तरी आरशावर चादर टाकायची. निमिया कॅशपासून सुरू झाली. एकेक प्लग खेचत, वाकत, उठत, दम खात ती सगळी कचेरी फिरली. कोपऱ्यातली मोठी पेटी तिने सगळ्यात काळजीने बंद केली, कारण सगळ्यांचं सगळं तिच्यात होतं. शेवटचा प्लग हातात घेऊन वळली, तेव्हा तिला आपल्या मशीनची काळीठिक्कर काच दिसली.

देर्लिस धावतच आला. "काय केलंत हे! काय केलंत, न्या निमिया!"

"गडगडलं ना रे."

"गडगडलं म्हणून काय झालं? आपल्याकडे वीज उतरवायची तार बसवलीय!"

"तुला एवढा उशीर का झाला मग?"

देर्लिस वाकून पेटीची वायर चाचपायला लागला. "मावशीच्या फ्रिजचा प्लग काढत होतो," तो म्हणाला.

तीन वाजायला आले तशी मंडळी परतली, आणि देर्लिसने तक्रार मांडली तर जो तो निमियाच्याच बाजूने बोलायला लागला. सुनिल्दा म्हणाली, आपण असतो तर आधी पंखा काढला असता. दॉन आबेलार्दोसुद्धा म्हणाले, "बाईंनी बरोबर केलं. गेल्या वर्षी माझा टीव्ही असाच गेला. तार बसवलेली होती." पाऊस मात्र पडलाच नाही. ढग नदीपलीकडे अर्जेंटिनात निघून गेले.

देर्लिसने पुन्हा सगळं जोडलं, पेटी उघडून पाहिली आणि सांगितलं की बाकीच्या नकला धड आहेत. फक्त खिडकीजवळच्या मशीनची मध्येच तुटली. अर्धी नक्कल काही कामाची नाही. पुन्हा घ्यायची तर तासाहून जास्त लागेल, आणि तोवर बाकीच्यांनाही थांबावं लागेल.

बाहेर सभासदांची रांग लागली होती. पाला घेऊन आलेले ट्रक उन्हात उभे होते, आणि हिरवा पाला काही कुणासाठी थांबत नाही.

"कचेरीचं काम तर सगळं पेटीत असतंच," दॉन आबेलार्दो म्हणाले. "न्या निमिया, मशीनमध्ये तुमचं स्वतःचं असं काही आहे का? संकोच करू नका. काय आहे ते मी बघतो, आणि तसं मोलाचं असेल तर रांग थांबेल. आपलीच माणसं आहेत."

ते खरंच आपुलकीने बोलत होते. दुष्ट असते तर बरं झालं असतं, असं निमियाला वाटलं.

"सांगा, न्या निमिया," देर्लिस म्हणाला. "एका तासाने मरत नाही कुणी. नक्कल पेटीत गेली की गेली, दॉन आबेलार्दोंच्या किल्लीखाली."

हो म्हटलं तर म्हातारीने सांगितलेलं सगळं टिकत होतं, पण चौदा नकलांच्या गर्दीत दडून नाही, दॉन आबेलार्दोंच्या नजरेखालून. आणि पुढच्या हंगामात ते पाकिटावर छापून येत होतं. लूर्देसने दुकान मांडावं, आणि शेजारच्या दुकानात तिच्या आजीची औषधं पाकिटात टांगलेली असावीत. नाही म्हटलं तर लूर्देसला द्यायला काहीच उरत नव्हतं. निमियाला देर्लिसचा राग आला, आभाळाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या हातांचा आला. तेच हात पोटाशी धरून ती उभी राहिली. कुणाला न दाखवण्याचा शब्द आपण म्हातारीला आधी दिला होता, औषधं तिने मागाहून सांगितली, तेव्हा शब्दच मोठा, असं काहीतरी तिच्या मनाने धरलं.

"काही नाही," ती म्हणाली. "माझं काय असणार तिथे?"

"बघा हं."

"घाल रे बाबा तुझं ते. लोक उन्हात उभे आहेत."

देर्लिसने बटण दाबलं. चौदाही मशीनांवर एकाच वेळी निळी पट्टी धावली, आणि थोड्या वेळाने चौदाही काचांवर संस्थेच्या शिक्क्याचं एकच चित्र उमटलं. "आता कुणीही कुठेही बसा," देर्लिस खुशीत म्हणाला. "सगळी सारखी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. निमियाने आपल्या खिडकीची काच वर केली आणि पहिल्या सभासदाची तक्रार ऐकून घेतली. ट्रकचा काटा चुकतो, अशी तक्रार होती.

उन्हं कलल्यावर तेरेरेचा पेला हातोहात फिरायला लागला. सुनिल्दा खलबत्ता घेऊन निमियाच्या टेबलाशी आली.

"न्या निमिया, डोकं नुसतं ठणकतंय हो माझं. एउलोखिया म्हातारी डोकेदुखीला काय द्यायची? तुम्ही जायचात ना तिच्याकडे?"

"देते की सांगून," निमिया म्हणाली. तिला एकदम हायसं वाटलं. हे तर होतंच की आपल्यापाशी. "आधी बुर्रितोची चार पानं. मग कोकू, थोडीशीच. मग गवती चहा, मुळाकडचा. आणि मग..."

सुनिल्दा खलबत्त्यावर हात धरून थांबली.

"आणि मग?"

म्हातारीचा आवाज निमियाला ऐकू येत होता. ती जमिनीवर बसलेली, जुडी सोडताना दिसत होती. जुडीतलं पान मात्र दिसत नव्हतं. लिहून ठेवलंय म्हणून निमियाने ते कधी डोक्यात ठेवलंच नव्हतं. तिने पोटदुखीचं आठवून पाहिलं. तापाचं. बाळंतिणीचं. प्रत्येकात दोन-तीन नावं यायची आणि पुढे नुसता म्हातारीचा हात.

"आठवत नाही गं," ती म्हणाली, आणि रांगेतल्या सगळ्या माणसांसमोर, खिडकीची काच उघडी असताना, हमसून हमसून रडायला लागली.

सुनिल्दा घाबरली. खलबत्ता तसाच टाकून तिने निमियाचे खांदे धरले.

"अहो न्या निमिया, असं काय करता? नुसतं डोकंच दुखतंय माझं!"