महांतप्पांच्या उशाची तार

जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढं या, म्हाताऱ्यांना भिंतीला टेकू द्या. मृदंगाला अजून कणीक लावायचीय, बुवांचं स्नान व्हायचंय. तेवढ्यात तुम्हाला एका तारेची गोष्ट सांगतो. टेलिफोनच्या तारेची. पण तिच्यातून देवाचं नाव गेलं, म्हणून ती देवळात सांगायला हरकत न्हाय.

निजामाचं राज्य होतं अन् दूर विलायतेकडं लढाई पेटलेली. धाराशिवात टेलिफोन म्हणजे कचेरीत, साहेबांच्या बंगल्यात अन् महांतप्पांच्या घरी. महांतप्पा सरकीचे व्यापारी. पेढी महादेवाच्या देवळासमोर, घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोहोंमध्ये त्यांनी खांबांवरून स्वतःची तार ओढून घेतली होती. इकडं मूठ फिरवली की तिकडं घंटा वाजायची. मी त्या पेढीवर दिवाणजी.

महांतप्पांचा जीव मात्र सरकीत नव्हता, झांजेत होता. कार्तिकात देवळात नागप्पाबुवांच्या शिवकीर्तनाचा सप्ताह बसायचा. बुवा चरण म्हणायचे अन् मागं उभे महांतप्पा ध्रुपद, म्हणजे पालुपद, उचलायचे. दोघं एका वयाचे, एकाच गल्लीत वाढलेले. त्या साली महांतप्पा भाद्रपदात बैलगाडीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. वैद्य म्हणाले, आता उठणं न्हाय. सप्ताह सुरू झाला तसं त्यांचं जेवण तुटलं. तक्रार एक न्हाय. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे.

समाप्तीच्या दिवशी सकाळी ते सुनेला, गिरिजाबाईंना म्हणाले, "आज शेवटचं कीर्तन. नागप्पाचं ध्रुपद कोण धरंल गं?"

गिरिजाबाईंच्या मनात आलं, माणूस न्हाय जाऊ शकत, पण आवाज तर जातो. त्या माजघरात गेल्या, भिंतीवरच्या टेलिफोनच्या पेटीची मूठ फिरवली. काहीच न्हाय. ऐकायची नळी कानाला लावली तर विहिरीत कान घातल्यासारखं. टेलिफोन दसऱ्यापासून मुका होता, अन् नवरा बाजाराला लातूरकडं गेल्यामुळं कुणी बघितलाच नव्हता. त्यांनी गड्याला कचेरीत पिटाळलं, तारवाल्या हुसेनसाबला बोलवायला.

हुसेनसाब सायकलवर आला. उंच, वाळका, खिशात पक्कड. त्यानं आधी अंगणातल्या खांबाची तार तपासली. मग दारावर आला अन् कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. चौकटीवरून आत जाणाऱ्या तारेला झेंडूचं तोरण अजून लटकत होतं, वाळून काळं पडलेलं.

"बाईसाब, ये क्या? टेलिफोनचं लगीन लावलं का?"

"दसऱ्याचं तोरण हाय ते. खिळा सापडला न्हाय, म्हणून तारेला बांधलं."

"वजनानं तार आतून तुटली बघा. वरनं साबूत दिसती, आत दोन तुकडे."

त्यानं तोरण सोडून गिरिजाबाईंच्या हातात दिलं, तारेची टोकं खरवडून उजळ केली, पीळ घातला, वर रबराची पट्टी गुंडाळली. मूठ फिरवली. तरी घंटा न्हाय. मग त्यानं माजघरातली, भिंतीवरची लाकडी डबी उघडली. बाहेरची तार अन् पेटीची तार तिथं स्क्रूनं जोडलेली असते. आत सगळं पांढरं, अन् पितळेवर हिरवा गंज चढलेला.

हुसेनसाबनं बोटावर ती पांढरी भुकटी घेतली अन् वास घेतला. "राख?"

गिरिजाबाई पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "भस्म हाय. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करत्यात. वजनं, तराजू, विळी... त्यालाबी पाणी घातलं अन् भस्माचे पट्टे ओढले. सगळ्यांना करायचं अन् त्यालाच वगळायचं, बरं वाटंना."

"आंघोळ घातली त्याला?"

"थोडीच."

हुसेनसाब हसला न्हाय. खाली मान घालून त्यानं चाकूच्या टोकानं गंज खरवडला, कोरड्या फडक्यानं डबी पुसली, स्क्रू आवळले. मग मूठ फिरवली, अन् इकडं पेढीवर माझ्या डोक्यावर घंटा अशी वाजली की मी लेखणी टाकून उभा राहिलो.

खाटेवरनं महांतप्पांनी विचारलं, "काय झालं होतं रे?"

हुसेनसाबनं एकदा गिरिजाबाईंकडं बघितलं. "भिंतीला ओल आली होती, मालक."

"कार्तिकात ओल?" म्हातारा बऱ्याच दिवसांनी हसला. "अन् भिंतीनंच स्वतःला भस्म लावलं व्हय? पोरी, म्याच सांगितलं होतं तुला, कुठलं अवजार पूजेवाचून ठेवू नको म्हणून. मान वर कर."

आता अडचण उरली ती पेटीच्या उंचीची. ती उभ्या माणसाच्या तोंडाला लावलेली, अन् महांतप्पा आडवे. पेटी खाटेपर्यंत न्यायला नवी तार लढाईमुळं मिळंना. हुसेनसाब म्हणाला, "आदमी वर जात नसंल तर पेटी खाली आणू." त्यानं भिंतीला खाली भोकं पाडून लाकडी गुट्ट्या ठोकल्या, पेटी उतरवून तिथं बसवली, अन् खाट माजघरात ओढून तिच्याखाली लावली. पेटी महांतप्पांच्या उशाशी आली.

राहिलं आमचं टोक. तार पेढीपर्यंत, कीर्तन देवळात. गिरिजाबाईंनी तारेवरनं बेत कळवला, तसा मी रस्ता ओलांडून नागप्पाबुवांना सगळं सांगितलं. ते पटका बांधत होते.

"तार देवळात येत न्हाय ना? मग मी पेढीच्या ओट्यावर येतो."

एक मानकरी कुरकुरला, "बुवा, देव इथं अन् कीर्तन दुकानात?"

बुवांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "माझा देव मी बांधूनच हिंडतो. तुझा जागचा हलत नसंल तर तू बस त्याच्यापाशी."

दिवेलागणीला सगळी मंडळी पेढीसमोर रस्त्यावर बसली. बुवा दाराच्या आत, टेलिफोनच्या पेटीकडं तोंड करून उभे. मी ऐकायची नळी कानाला लावून त्यांच्या बाजूला. ठरलं असं, की महांतप्पांचं ध्रुपद संपलं की मी हात वर करायचा, मग बुवांनी पुढं जायचं.

पहिला चरण झाला. बुवा थांबले. अन् माझ्या कानात, बारीक, खरखरत, ध्रुपद आलं. मी हात वर केला.

"दिवाणजी, मास्तरला उत्तर देताय का?" रस्त्यावरनं कुणीतरी म्हणालं. लोक हसले, पण पुढच्या वेळी माझ्या हाताकडंच बघत राहिले.

उत्तररंगात एका चरणानंतर कानात काहीच येईना. मला वाटलं, जोड सुटला. तेवढ्यात गिरिजाबाईंचा आवाज आला, "दिवाणजी, तार चांगली हाय. मामंजींना भरून आलंय. बुवांना म्हणावं, जरा दम धरा."

मी बुवांच्या कानात सांगितलं. त्यांनी मृदंगावर हात ठेवून तो थांबवला. कुणी खोकलं न्हाय, कुणी उठलं न्हाय. ज्याला काही ऐकू येत नव्हतं असा सगळा रस्ता एका माणसासाठी थांबला. मग आलं ध्रुपद. अर्धंच आलं. उरलेलं अर्धं नागप्पाबुवांनी उचललं, अन् त्यांच्यामागं सगळ्यांनी.

त्या रात्री महांतप्पा भाकरी अन् दूध जेवले. पुढं माघात ते शिवाघरी गेले.

हुसेनसाब त्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला सायकलला टेकून शेवटपर्यंत उभा होता. प्रसाद हातात घेतला, डोळ्याला लावला अन् गेला. पुढं त्याची बदली झाली, कुठं ते कळलं न्हाय.

झाला बघा मृदंग तयार, बुवाही आले. आता ध्रुपद धराल तेव्हा गळा मोकळा सोडा, अन् मनात एकदा हुसेनसाब तारवाल्याचं नाव घ्या. एवढंच मागणं.