परत न बोलावता येणारे डास

वस्तीत तिला सगळे डासवाली म्हणत. प्रयोगशाळेत ती हिवतापाचे डास पाळायची आणि त्यांच्या जनुकांत असा बदल करायची, की त्यांच्या अंगात तापाचे जंतू वाढूच नयेत. हा बदल निम्म्याशिम्म्या नव्हे, झाडून सगळ्या पिल्लांत उतरायचा. थोडे डास सोडले की काही वर्षांत आसपासचे सगळेच तसे होणार होते.

वस्तीची संमती तेवढी हवी होती. समितीचा अध्यक्ष तिचा सख्खा थोरला भाऊ, म्हणून ती निर्धास्त होती. घरी जेवताना तो हो ला हो करत होता. भर सभेत मात्र उठून उभा राहिला.

"मी एकट्याने नाही म्हटलं, तर माझं घर वगळणार का?"

"दादा, डास दारावरची पाटी वाचत नाहीत."

लोक हसले. दादा हसला नाही. "आणि काही बिनसलं तर त्यांना परत बोलावता येईल?"

हेच समजावून समजावून तिच्या तोंडाला फेस आला होता. "नाही," ती म्हणाली.

"मग विचारता कशाला? सांगून मोकळे व्हा की!"

झालं. ठराव बारगळला.

घरी वहिनीने दादाला फैलावर घेतलं. "पोरगी तापाने फणफणते, आणि हे तिकडे शहाणपणा पाजळतात!"

"प्रश्न चुकीचा होता का?" दादाने बहिणीकडे बघत विचारलं.

चुकीचा असता तर तिने त्याला तिथेच गप्प केलं असतं. संताप होता तो त्याचाच.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी कपाळाला हात लावला. तिने चरफडत नवं काम मांडलं: काही पिढ्यांनी हा बदल आपोआप विरून जाईल, असे डास. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मध्येच भाचीला परत ताप भरला. डासवाली तिला बघायला दवाखान्यात गेली तेव्हा दादा खाटेशी बसून पोरीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होता.

"तुझे ते नवे डास कधी यायचे?"

"दोन वर्षं तरी लागतील."

"एवढी?"

"दादा, तू एक अक्षर बोलू नकोस."

दादाने पट्टी उलटी केली. मग हळूच म्हणाला, "पण ते विरतील ना नक्की?"

"तेच तपासायला दोन वर्षं लागतात!" ती खेकसली, आणि पट्टी त्याच्या हातातून ओढून घेऊन पुन्हा भिजवायला गेली.